अम्मासाठी बाई ठेवताना

विमा कंपनीच्या कचेरीत माझी एकतीस वर्षं गेली. प्रस्तावपत्र भरून घेताना समोरच्या माणसाला आम्ही काय काय विचारायचो! वय, वजन, छातीचं माप, आईवडील हयात आहेत का, नसतील तर कशानं गेले, तंबाखू खाता का, यापूर्वी कधी दवाखान्यात राहिलात का. एखादा रकाना रिकामा दिसला की कागद परत. आणि असा मी, सख्ख्या आईला सांभाळायला बाई ठेवायची वेळ आली तेव्हा ब्युरोच्या माणसाला फोनवर एकच प्रश्न विचारला, ‘‘कधीपासून पाठवता?’’

अम्मा मिरजेची. मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळच्या गल्लीत तिचं आयुष्य गेलं. अब्बा लवकर वारले. शिलाई मशीनवर झबली, कुडते, ब्लाऊज शिवून तिनं आम्हा तिघा भावांना शिकवलं. जानेवारी २०१८ मध्ये फजरच्या वुजूला उठली ती न्हाणीतच कोसळली. मिरज हे दवाखान्यांचं गाव, त्यामुळं उपचाराला उशीर झाला नाही. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तिला सगळं समजत होतं. बोलायला मात्र एकच शब्द उरला होता, ‘‘नक्को.’’ पाणी हवं असलं तरी नक्को, नको असलं तरी नक्को. सुरावरून ओळखायचं.

एक भाऊ कुवेतला, दुसऱ्याचं मिरजेतलं घर दीड खोलीचं. अम्माला मी पुण्याला, कोंढव्याला घेऊन आलो. त्याचा मला अभिमान वाटत होता हे कबूल करतो. जुम्म्याच्या नमाजनंतर लोक हात हातात घेऊन म्हणायचे, ‘‘आईची खिदमत करताय, जन्नत कमावताय.’’ मी मान खाली घालायचो. ती नम्रतेनं खाली जायची असं तेव्हा वाटायचं. खरं असं होतं की मी सकाळी साडेनऊला घर सोडायचो आणि संध्याकाळी सातला परतायचो. अम्माला पुसून काढणं, कपडे बदलणं, चमच्यानं भरवणं, रात्री दोनदा उठून कूस बदलणं, हे सगळं माझी पत्नी करायची. तीही शाळेत शिक्षिका. तिनं बिनपगारी रजा टाकली होती. सहा आठवड्यांनी तिच्या कंबरेत उसण भरली आणि तिला स्वतःलाच उठून बसता येईना. सवाब माझ्या खात्यावर जमा होत होता आणि कंबर तिची मोडत होती.

आपल्या समाजात याबद्दल कुणी बोलत नाही. सूरह बनी इस्राईलमधला आईवडिलांच्या म्हातारपणाविषयीचा आदेश आपण वाझमध्ये ऐकतो. तो आदेश मुलाला आहे. घरी येईपर्यंत तो सुनेवर जाऊन पडतो. बाई ठेवायचं ठरलं तेव्हा कुवेतचा भाऊ फोनवर म्हणाला, ‘‘भाईजान, अम्माला पैसे देऊन नोकराच्या हवाली करणार?’’ खाला म्हणाली, ‘‘घरात सून असताना?’’ त्यांना उत्तर द्यायच्या घाईत मी ब्युरोला प्रश्न विचारायचे विसरलो.

पहिल्या ब्युरोला फोन केला. पलीकडचा माणूस गोड बोलत होता. नाव विचारलं, मी सांगितलं. जरा वेळ शांतता. मग म्हणाला, ‘‘आमच्या बायका नॉनव्हेज घरात जात नाहीत.’’ मी घरात मटण शिजतं की नाही याबद्दल एक अक्षरही बोललो नव्हतो. दुसऱ्या ब्युरोनं नाव ऐकून काही म्हटलं नाही, तेवढ्यानंच मी विरघळलो. महिन्याचे पंधरा हजार, तेवढीच अनामत, चोवीस तास ‘सिस्टर’. करारनामा इंग्रजीत, बारीक टायपातला. मी सही केली.

‘सिस्टर’ आली. पांढरा कोट घातलेली, एकोणीस-वीस वर्षांची, मराठवाड्यातली पोर. स्वभावानं गरीब. अम्माचे केस छान विंचरायची, भरवायची. आम्ही निर्धास्त झालो. तिसऱ्या आठवड्यात खोलीत वास येऊ लागला. पत्नीनं अम्माला कुशीवर वळवून पाहिलं तर माकडहाडाजवळ रुपयाएवढी जखम, कडा काळ्या पडलेल्या. डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, ‘‘दर किती वेळानं कूस बदलता?’’ मी पत्नीकडं पाहिलं, पत्नीनं त्या मुलीकडं, मुलीनं जमिनीकडं.

मी त्या मुलीवर ओरडलो. इतका की अम्मा आतून ‘‘नक्को, नक्को’’ म्हणू लागली. मुलगी रडत म्हणाली, ‘‘साहेब, मला सांगितलं होतं पेशंट काठीनं चालतोय. मला दोनच दिवस शिकवलंय, बीपी बघायला आणि डायपर बदलायला.’’ बोलता बोलता पगाराचा विषय निघाला. आमच्या पंधरा हजारांतले साडेआठ हजार तिला मिळत होते, तेही पहिला महिना अडकवून ठेवलेला. ब्युरोला फोन केला. त्यांनी करारातलं नववं कलम वाचायला सांगितलं. कर्मचाऱ्याच्या कामाबद्दल ब्युरो जबाबदार नाही, आणि तीन महिन्यांच्या आत काम थांबवलं तर अनामत परत नाही. एकतीस वर्षं मी लोकांना ‘सही करण्यापूर्वी अटी वाचा’ म्हणून सांगत आलो होतो.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, चादरीला सुरकुती राहू द्यायची नसते, ओल राहू द्यायची नसते, हवेची गादी आणली तरी वळवणं चुकत नाही. हे सगळं आम्हाला जखम झाल्यावर कळलं. ज्यानं ते सांगायला हवं होतं त्याला आम्ही विचारलंच नव्हतं.

त्या रात्री पत्नी पडल्या पडल्या सांगत गेली आणि मी एका जुन्या प्रस्तावपत्राच्या पाठीवर प्रश्न लिहीत गेलो. तो कागद अजून आमच्याकडं आहे. वाचकांपैकी कुणाला उपयोग होईल म्हणून त्यातलं थोडं सांगतो.

पहिला प्रश्न: माणूस पाठवण्याआधी तुमच्यापैकी कुणी घरी येऊन पेशंट पाहणार का? जो पेशंट न पाहता माणूस पाठवतो तो फक्त माणूस पुरवतो, शुश्रूषा पुरवत नाही.

दुसरा: येणाऱ्या बाईचं शिक्षण नेमकं काय? पांढरा कोट घातला की आपण सगळ्यांनाच सिस्टर म्हणतो. परिचारिका म्हणजे दोन वर्षांचा एएनएम किंवा तीन वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रम केलेली आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं नोंद असलेली. तिच्याकडं नोंदणी क्रमांक असतो, तो मागावा. बाकीच्या असतात त्या मदतनीस. मदतनीस कमी प्रतीची असं मुळीच नाही. अम्माला मदतनीसच हवी होती. पण नाकातून नळी असेल, लघवीची नळी असेल, जखमेचं ड्रेसिंग असेल, तर ते कोण करणार हे आधी ठरलं पाहिजे. मदतनिसीचा पगार देऊन परिचारिकेचं काम करून घेणं हे दोघींच्याही जिवावर बेततं, पेशंटच्या आणि त्या बाईच्या. कागद पाहून झाले की पलंगाजवळ उभं करून दाखवायला सांगावं: कशी वळवता? भरवताना डोकं किती उंच ठेवता? अर्धांगाच्या पेशंटला निजवून पाजलं तर घोट श्वासनलिकेत जातो. जिला हे ठाऊक आहे ती आधी उशा शोधते.

तिसरा: ओळखीचे कागद आणि पोलीस पडताळणी. ‘झालंय सगळं’ यावर थांबू नये. प्रत हातात घ्यावी. ब्युरोवाले भिंतीवरचं शॉप अ‍ॅक्टचं प्रमाणपत्र दाखवतात. धंदा कागदोपत्री आहे एवढाच त्याचा अर्थ. शुश्रूषा चांगली आहे असं त्यात कुठंही लिहिलेलं नसतं.

चौथा: काम कोणतं आणि कोणतं नाही? पेशंटचे कपडे की घराचे? पेशंटची पेज की सगळ्यांचा स्वयंपाक? हे लिहून घ्यावं. न लिहिलेलं काम हळूहळू तिच्या अंगावर येतं आणि पेशंटचा वेळ खाऊन टाकतं. आमच्याकडं ती पोर तिसऱ्या दिवसापासून भांडी घासत होती आणि आम्ही तिला ‘घरच्यासारखी’ म्हणत होतो.

पाचवा: बाई आजारी पडली, गावी गेली, तर किती तासांत बदली? दर वेळी नवी की ठरलेली एकच? बोलता न येणाऱ्या माणसाला दर आठवड्याला नवा चेहरा म्हणजे छळ आहे.

सहावा: पैसे. किती घेता, त्यातले तिला किती देता, कोणत्या तारखेला? अनामत केव्हा परत? काम थांबवायचं तर किती दिवस आधी सांगायचं? करार मराठीत द्याल का? ब्युरोनं कमिशन घेऊ नये असं मी म्हणत नाही. माणूस शोधणं, शिकवणं, बदली देणं याला खर्च आहे. पण आकडा लपवणारा ब्युरो उद्या जखमही लपवील.

सातवा: रात्र. चोवीस तास म्हणतात, पण चोवीस तास जागणारं माणूस नसतं. ती झोपणार कधी, आणि त्या वेळी पेशंटजवळ कोण? आठवा: अचानक काही झालं तर तिनं आधी कुणाला फोन करायचा, आणि दिलेल्या औषधाची वेळ वहीत लिहायची का?

नववा प्रश्न आमच्या घरचा. अंघोळ आणि कपडे यासाठी बाईच हवी, पुरुष नको. मुसलमानाच्या घरी यायला तिला अडचण आहे का? घरात मटण शिजतं, चालेल का? अम्मा इशाऱ्यानं नमाज पढते, त्या वेळी तिला स्वच्छ करून द्याल का? हे ब्युरोला नव्हे, त्या बाईलाच विचारायचं. ब्युरोवाले तिच्या तोंडचं उत्तर स्वतःच देतात.

हा कागद घेऊन तिसऱ्या ब्युरोत मी स्वतः गेलो. दोन खोल्यांची जागा. चालवणाऱ्या बाई पूर्वी एका रुग्णालयात परिचारिका होत्या. त्यांनी माझे नऊही प्रश्न ऐकून घेतले, उत्तरं दिली, एक-दोन ठिकाणी ‘‘हे आमच्याकडं होत नाही’’ असं स्पष्ट सांगितलं. मग वही उघडून म्हणाल्या, ‘‘आता माझे प्रश्न. माझी बाई झोपणार कुठं? न्हाणीघराला आतून कडी आहे का? घरात पुरुष कोण कोण? तिच्या जेवणाचं काय? आठवड्याच्या सुट्टीला तिच्या जागी कोण बसणार?’’

‘घरात पुरुष कोण कोण’ हा प्रश्न मला झोंबला. माझ्या दाढीकडं पाहून विचारलं असं वाटलं. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. म्हणाल्या, ‘‘सगळ्यांना विचारते. सदाशिव पेठेतही विचारते.’’ २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानं घरकाम करणाऱ्या बाईसाठी मालकाचं घर हेही कामाचं ठिकाण मानलं आहे, हे त्यांनीच मला सांगितलं. आणखी एक सांगितलं. त्यांच्याकडं आपल्या समाजाच्याही बायका होत्या. फोनवर त्यांचं नाव सांगितलं की पलीकडं तशीच शांतता पडते. काही जणी म्हणे कामावर वेगळं नाव सांगायची परवानगी मागतात. ‘‘मी देत नाही,’’ त्या म्हणाल्या, ‘‘खोट्या नावानं औषध देता येत नाही.’’

घरी येताना वाटलं, आपण प्रश्न विचारतो तसा चांगला ब्युरो आपल्यालाही विचारतो. जो काहीच विचारत नाही, त्याच्याकडं माणूस नुसता मालासारखा एका दारातून दुसऱ्या दारात जातो. त्या वीस वर्षांच्या मुलीची बाजू मला तेव्हा पहिल्यांदा दिसली. तिला तीन आठवडे आमच्याकडं झोपायला ठरलेली जागा नव्हती. चोवीस तासांत ती केव्हा झोपत होती हे मी कधी पाहिलंच नव्हतं. तिची माफी मागावी म्हणून फोन लावला. नंबर बंद होता.

नव्या बाई आल्या. बार्शीकडच्या, चाळिशीच्या, विधवा. त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या अजून याच कामात आहेत. पहिल्या दिवशी ब्युरोच्या बाई सोबत येऊन जखम पाहून गेल्या, वहीत आकार लिहिला. कूस बदलल्याची वेळ वहीत, औषधाची वेळ वहीत. जखम भरायला चार महिने लागले. पत्नी जूनमध्ये शाळेत रुजू झाली. पण रुजू होण्याआधी तिनं माझ्या कागदावर स्वतःच्या हातानं दहावा प्रश्न लिहिला: ‘आणि तुम्ही काय करणार?’ रोज रात्री आठ ते दहा अम्माजवळ मी बसायचं ठरलं. त्या दोन तासांत बाईंची सुट्टी. पहिल्यांदा अम्माचं डायपर बदलताना माझे हात थरथरले. अम्मानं डोळे मिटून घेतले होते. दोघांनाही सवय व्हायला पंधरा दिवस लागले. जुम्म्याला कुणी जन्नतीची गोष्ट काढली की त्यानंतर मी पत्नीचं आणि बाईंचं नाव घेऊ लागलो.

अम्मा एकदा डाव्या हातानं सारखी भिंतीवर थापटत होती. आम्हाला काही उमगेना. बाईंनी दोन दिवस पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘दादा, बांग झाली की थापटतात.’’ ती तयम्मुम मागत होती. पाण्यानं वुजू जमत नसेल तर शुद्ध मातीवर हात मारून चेहऱ्यावर, हातांवर फिरवायचा असतो. मी बाईंना समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंभाराकडून एक कोरी पणती आणली, पुसून उशाशी ठेवली. बांग झाली की अम्माचा डावा हात धरून पणतीवर टेकवायच्या, चेहऱ्यावरून फिरवायच्या; निर्जीव उजव्या हातावरूनही. खालाला हे पटलं नाही. परधर्माची बाई इबादतीत कशी, म्हणाली. मी इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘आजाऱ्याला मदत मिळतेय ना? मग हात कुणाचा आहे ते विचारू नका.’’ बाईंचा सोमवारचा उपास असायचा. त्या दिवशी आमची मुलगी त्यांच्यासाठी वेगळ्या पातेल्यात साबुदाणा करायची. यात कुणी फार मोठं काही करतंय असं घरात कुणाला वाटत नव्हतं.

२०१९च्या रमजानमध्ये एका रात्री गप्पा मारताना कळलं की बाईंची स्वतःची आई गावी आहे, तिला दिसत नाही, आणि शेजारीण तिला दोन वेळा भाकरी देते. त्यासाठी बाई शेजारणीला महिन्याला पैसे पाठवायच्या. माझ्या आईला सांभाळणारी बाई स्वतःच्या आईसाठी पैसे देऊन माणूस ठेवत होती. दहा प्रश्नांच्या कागदावर हा प्रश्न नव्हता. त्यानंतर आम्ही महिन्यातून सलग चार दिवस त्यांना गावी पाठवायचं ठरवलं. ते चार दिवस दोघं भाऊ वाटून घेऊ लागले. कुवेतचा पैसे पाठवायचा, मिरजेचा स्वतः यायचा. ‘नोकराच्या हवाली’ हा शब्द पुन्हा कुणी काढला नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये अम्मा गेली. पहाटे, झोपेत. वहीत शेवटची नोंद साडेतीनची आहे: ‘डावी कूस. पाणी दोन चमचे.’ गुसल द्यायला मोहल्ल्यातल्या बायका आल्या. बाई आपण होऊनच खोलीबाहेर झाल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. आत पाण्याचा आवाज सुरू झाला. तेव्हा त्या दाराबाहेरूनच म्हणाल्या, ‘‘उजवा खांदा जपून धरा हं, तिथं त्यांना दुखतं.’’ आत क्षणभर पाणी थांबलं. मग गुसल देणाऱ्यांतली म्हातारी म्हणाली, ‘‘हौ बेटा, सबूरीनं धरते.’’

अनामत आठव्या दिवशी परत आली. बाई पुढच्या कामाला लागल्या.

आता आमच्या पिढीतल्या पुष्कळांचे आईवडील ऐंशीच्या पुढं गेलेत. मुलं पुण्या-मुंबईला, आखातात. सुना-मुली नोकरी करतात, आणि करायलाच हव्यात. मग आठवड्याला एखादा फोन येतो, ‘‘भाईजान, तुमच्याकडं ती बाई होती ना, त्या ब्युरोचा नंबर द्या.’’ मी म्हणतो, नंबर देतो. पण आधी कागद-पेन घे आणि लिहून घे. सुरुवात मी दहाव्या प्रश्नापासून करतो.